चारही चाकं सारखी

माझ्या गाडीची पुढची चाकं पातळ असायची आणि मागची जाड. का, ते मी लोकांना सांगून सांगून थकलो. सगळं ऐकून घेऊन लोक विचारायचे, "म्हंजी पुढं रबर कमी पडलं व्हय?"

गाडी खेळण्यातली. खोक्याच्या फळ्यांची पेटी, जुन्या चपलांच्या तळव्यांतून कापलेली चाकं आणि पुढच्या आसाला जोडलेली, पेटीतून कमरेपर्यंत वर आलेली तारेची दांडी. पोरानं उभ्यानं चालायचं, दांडी फिरवली की गाडी वळायची. मागच्या चाकांना दोन तळवे एकावर एक ठोकलेले, म्हणजे वळताना गाडी कलंडत नसे. पुढं एकच, कारण पुढची चाकं वळतात, त्यांना पेटीपाशी जागा लागते. आमच्या गावच्या, विंझरच्या रस्त्यावर गाड्या मोडून मोडून हे मी शिकलो होतो. शिकवायला कुणी आलं नव्हतं.

तोवर मी बाजारात जमिनीवर फडकं अंथरून विकत होतो. भोरचा एक दुकानदार जत्रांच्या हंगामासाठी पोतंभर गाड्या घ्यायला तयार झाला. दुकानात माल लागला की ते फडकं सुटणार होतं. पोतं वाटेत उत्रोलीला बहिणीच्या घरी टाकून मी भाव ठरवायला पुढं गेलो. दुपारपर्यंत घासाघीस चालली. दोनदा चपला घालून उठलो, दोन्ही वेळा त्यानं हाक मारून बसवलं. शेवटी मी मागितलेला भाव त्यानं कबूल केला. अट एकच, गाडी समोर वळवून दाखवायची.

उत्रोलीला परतलो तर पोत्याचं तोंड सुतळीनं शिवून तयार. दाजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, बैलगाडीही जुंपून ठेवलेली. त्यांचा सगळा जन्म बैलगाड्या घडवण्यात गेलेला. घाईत मी पोतं उघडून पाहिलं नाही, दाजींबरोबर तसाच भोरला निघालो.

दुकानात पोतं उसवलं, गाडी खाली ठेवली, दांडी फिरवली. पुढचं चाक पेटीला घासून अडकलं. दुसरी गाडी काढली, तीही अडकली. खाली वाकून बघतो तर चारही चाकं जाड!

"काय हो," दुकानदार म्हणाला, "भाव करताना तर तुमच्या तोंडी लई वळत होती."

मी दाजींकडं पाहिलं.

"चाकं इजोड व्हती, पाव्हणं," दाजी म्हणाले. "माझ्या दारातनं असला माल जाऊ देऊ व्हय म्या? सकाळधरनं बसून सारखी केली."

"दाजी, ती मुद्दाम तशी..."

"असू द्या. घरचंच काम हाय."

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर भर पेठेत त्याची सालटी काढली असती. पण घरच्या जावयावर आवाज चढवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. दात आवळून मी दुकानदाराला म्हणालो, "उद्या सुधारून आणतो."

"उद्या कशाला? दांडी काढा, दोरी बांधा. सरळ जाते ना? ओढायची गाडी म्हणून घेतो. भाव पण ओढायच्या गाडीचा."

मी चपला घालून उठलो. या खेपेला त्यानं हाक मारली नाही. दाजींनीच दंड धरून मला खाली बसवलं आणि परस्पर त्याला सांगून टाकलं, "दिल्या!"

जावयानं चारचौघांत दिलेला शब्द मोडायचा कसा? दांड्या मीच उपसल्या.

दुकानात माल लागला. त्या हंगामात पोरं माझ्या गाड्या दोरीनं सरळ ओढायची आणि वळण आलं की उचलून, फिरवून ठेवायची. ते दिसलं की माझं डोकं भणभणायचं. दुकानदारानं पुढच्या वर्षीही तसल्याच मागितल्या.

पुढं कित्येक वर्षं दर सणाला दाजी भरल्या ताटावर विषय काढायचे. "चाकं सारखी केली म्हणून माल खपला. व्हय का न्हाई, पाव्हणं?"

बहीण माझ्यावर डोळे वटारायची. मी आमटी मागायचो.