टॉवेलाखालचं घर

आमच्या शेठच्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, आयुष्यात एकही वस्तू सांगितलेल्या किमतीला घेतलेली नाही, आणि माझी खात्री आहे की जन्मल्यावर त्यांनी पहिला आवाज काढला तो सुईणीच्या मजुरीवरूनच असणार. दवाखान्यात इंजेक्शनचे पैसे ऐकून ते डॉक्टरना म्हणाले होते, "बारकी सुई मारा, पर थोडं कमी करा." कोडोलीहून कोल्हापूरला एसटीनं येताना पूर्वी ते कंडक्टरला विचारायचे, "उभं ऱ्हाऊन आलो तर कितीला?" आता त्यांच्या वयाच्या माणसांना तिकीट फुकट झालंय, तेव्हापासून प्रवासात राम राहिला नाही असं त्यांचं म्हणणं. राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात शाळेचे युनिफॉर्म शिवले जातात. तिथं स्टुलावर बसून ते सख्ख्या पुतण्याविरुद्ध गिऱ्हाइकाच्या बाजूनं भाव पाडतात. "पावणं, साडेचारशे सांगतोय व्हय? चारशेला देतंय त्ये, मागा की." शेठ कपाळाला हात लावतात, गिऱ्हाईक पन्नास रुपये वाचवून जातं आणि तात्या पानाची पिंक टाकायला समाधानानं बाहेर जातात.

चाळीसएक वर्षं ते गुरांच्या बाजारात हेडी होते, म्हणजे जनावरांचे दलाल. धंदा सुटला, पण नजर गेली नाही. दुकानात नवा माणूस आला की त्याच्या चेहऱ्याआधी ते पाय बघतात. मी आलो तेव्हा माझेही बघितले होते. मी मूळचा वाशीमकडचा. आठवीत शाळा सोडली, सोळाव्या वर्षी ओळखीच्या माणसाबरोबर इकडं आलो आणि काज-बटण करता करता या दुकानात कटर झालो. पहिल्या दिवाळीत दुकान चार दिवस बंद राहणार होतं आणि गावी जायला माझ्याकडं पैसे नव्हते. मी दुकानातच झोपतो म्हणालो. तात्या म्हणाले, "मग कुलूप आतनं लावायचं का बाहीरनं, ह्यावर आमच्यात भांडान लागंल. चल कोडोलीला." त्या चार दिवसांचं जेवण अजून माझ्या अंगात आहे. त्यामुळं पुढं तेरा वर्षांत मी त्यांना कशालाच नाही म्हणालो नव्हतो, आणि त्याची शिक्षा मला घर घेताना भोगावी लागली.

मंगळवार पेठेत आम्ही भाड्यानं राहत होतो. मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि दोन महिन्यांत खोली मोकळी करायला सांगितलं. ही आमची पाचवी खोली. मुलीची शाळा, बायकोचं पिको-फॉलचं मशीन, दोन ट्रंका हे सगळं पुन्हा टेम्पोत घालायची माझी छाती होईना. दोघांनी मिळून चार लाख साठवले होते, बँक सोळा देणार होती. वीस झाले. त्याच्यापुढं माझी पाटी आठवीतल्यासारखीच कोरी. दुकानात हे नुसतं बोललो आणि तात्या स्टुलावरून उठले. "एकटा जाऊ नगंस. तुजं त्वांड बघूनच भाव वाढवत्यात."

मग दीड महिना आम्ही घरं बघितली. खरं म्हणजे मी घरं बघत होतो, ते म्हशी बघत होते. घर आधी मागून बघायचं, कारण "म्होरनं समदीच चांगली दिसत्यात." मग भिंतीवर दोन थापा मारून कान लावायचा. नळाचं पाणी तोंडात घोळवून थुंकायचं. बांधून किती वर्षं झाली विचारायचं आणि उत्तरात पाच वर्षं आपणच वाढवायची. शेवटी मालकाच्या डोळ्यात बघून, "आता खोड काय हाय ती सांगा." एका नव्या स्कीमच्या ऑफिसात टाय लावलेल्या मुलानं स्विमिंग पुलाचं चित्र दाखवलं, तर तात्या म्हणाले, "बरं हाय, पर ह्यात डुंबायला म्हस कुठाय?" महिन्याचा मेंटेनन्स ऐकल्यावर माझ्याकडं वळून, "वैरण लई खातंय. नगं." इथवर मी हसून घेतलं असतं. पण बाजाराचा नियम असा की खोड दोन्ही बाजूंनी सांगायची. म्हणून जाईल तिथं माझीही सांगायचे, माझ्यासमोर. "आठवी शिकलाय. घाबराट हाय, दारावर टकटक झाली तरी दचकतोय. पर लाथ मारत न्हाय आन् हप्ता चुकवणार न्हाय." टायवाला मुलगा माझ्या चपलांकडं बघत राहिला. सहा घरं अशी गेली. रात्री बायको विचारायची, "आजचं काय झालं?" आणि मी म्हणायचो, "आजच्याची शिंगं वाकडी होती."

सातवं घर गणिताच्या निवृत्त बाईंचं; त्या दिवशी बायकोही बरोबर आली होती. शहराच्या कडेला जुन्या कॉलनीत दोन खोल्या, मागं धुण्याची फरशी, पुढं एक पायरी. बाई नाशिकला मुलीकडं चालल्या होत्या. बावीस सांगत होत्या आणि सांगताना आवाज चढवत नव्हत्या. तात्यांनी मागून बघितलं, थापा मारल्या, पाणी चाखलं. खोड विचारल्यावर बाई म्हणाल्या, "पावसाळ्यात स्वयंपाकघराचा कोपरा पाझरतो. बाकी काही नाही." तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, "खरं बोलतीय. घ्यायचंच हे." खोली सोडायला नऊच दिवस उरले होते. त्यात बाईंनी सांगितलं की उद्या आणखी एकजण बघायला येणार आहेत, तुमचं काय ते आजच सांगा.

"वीस म्हणा," मी तात्यांच्या कानात म्हणालो.

"म्हणायचं न्हाय," ते म्हणाले. "तोंडानं भाव बोलला की सौद्याची चव जाती." आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. गुरांच्या बाजारात भाव असा ठरतो: दोघांचे हात टॉवेलाखाली, आणि बोटं धरून आकडे सांगायचे. आधी दहाचा आकडा, मग वरचा सुटा. बाई गणिताच्या, त्यांना हे दोन मिनिटांत समजलं आणि आवडलंही. पण परक्या बाईचा हात तात्या कसा धरणार? त्यांनी तोड काढली. ते माझा हात धरणार, मी बायकोचा, बायको बाईंचा. टॉवेल तिघाचौघांना पुरेना म्हणून बाईंनी सोलापुरी चादर आणली. भर दुपारी आम्ही चौघं एका ओळीत चादर पांघरून बसलो. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणी खिडकीतून बघितलं असतं तर घरात सगळ्यांना थंडीताप आलाय असंच वाटलं असतं.

तात्यांनी माझी दोन बोटं धरली. वीस. मग माझी मूठ मिटवून दाबली, म्हणजे वरती काही नाही. मी बायकोला तसंच केलं. तिनं बाईंना तसंच केलं. पण चादरीखाली बाईंना मिटलेली मूठ ओळखता आली नाही. आपली पाचही बोटं धरली गेली एवढंच त्यांना कळलं.

"पंचवीस?" बाई मोठ्यानं म्हणाल्या. "अहो, मी बावीसच सांगितलेत."

मला वाटलं आता सगळे हसतील आणि पुन्हा वीस म्हणू. पण तात्यांचा चेहरा दगड झाला होता. "हात दिला म्हंजे दिला," ते म्हणाले. "पंचवीस गेलं तर पंचवीस."

"पण मला नकोत ना जास्तीचे."

"तुमाला नगं असतील बाई, पर माजा शब्द गेलाय."

"चूक झाली आहे. चूक खोडून परत लिहायची असते."

"पाटीवर. हातावर न्हाय."

त्यानंतर दहा मिनिटं जे झालं ते कोल्हापुरात कधी झालं नसेल. भाव पाडायला आणलेला माझा माणूस भाव चढवत होता, आणि घर विकणारी बाई हात जोडून उतरवत होती. बाई बावीसवर, तात्या पंचवीसवर. शेवटी बाई कंटाळून तेवीसपर्यंत यायला तयार झाल्या. बायकोनं चादरीखाली माझा हात इतक्या जोरात दाबला की तो कुठला आकडा होता हे सांगायला बाजारातला कुठलाच हेडी लागला नसता.

"तात्या," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. घाबरलो की माझ्या तोंडात गावची बोली येते. "माह्याजवळ वीसच हायेत जी. सोळा बँकेचे, चार आमचे. त्याच्यावर रुपाया नाही. तुमचा शब्द मी कुठून भरू?"

तात्यांनी चादर बाजूला केली, टॉवेलाची घडी घालून खांद्यावर टाकला आणि बाहेर गेले. समोरच्याला आपली पोच उघड सांगणं म्हणजे बाजारात अंगावरचे कपडे उतरवणं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. "बावीसचे पंचवीस झाले, पंचवीसचे वीस झाले," बाई म्हणाल्या. "इतका वेळ बसलोय, त्यात खरा आकडा हा एकच निघाला. उद्याचे येऊन काय म्हणतील कोण जाणे. वीसला दिलं." बायको रडायला लागली. मी फाटकापाशी गेलो.

"झालं?" तात्यांनी रस्त्याकडं बघतच विचारलं.

"वीसला दिलं जी."

"न्हाय. सौदा पंचवीसला झालाय. पाच तुज्या तोंडानं खाल्लं." दुकानापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत, रिक्षावाल्याशी मात्र दहा रुपयांवरून बोलले.

रजिस्ट्रीला साक्षीदार म्हणून तेच आले. या गावात माझं दुसरं होतं कोण? कारकुनानं विचारलं, "खरेदीदाराला किती वर्षं ओळखता?"

"तेरा."

"नातं काय?"

"लिवायला जागा हाय का त्यात?"

"नाही."

"मग कशाला इचारतोस?"

वास्तुशांतीला ते कोडोलीहून आले आणि पायरीवरच बसले. आत या म्हणून बायको पाया पडली, शेठ रागावले, भटजी खोळंबले. "पंचवीसाचं घर वीसात घेतलंय," तात्या म्हणाले. "आत कुठल्या तोंडानं येऊ?" पान बाहेरच वाढावं लागलं. त्यानंतर महिन्यातून एखाद्या रविवारी यायचे, पायरीवर खुर्ची टाकून बसायचे, आणि दारातून आत ओरडून कोपऱ्याला प्लास्टर कुठलं लावायचं, कुकर किती शिट्ट्यांना बंद करायचा हे सांगायचे. मी वैतागायचो. सुट्टीचा दिवस माझा, घर माझं, आणि आवाज त्यांचा. दुपारी ऊन पायरीवर यायला लागलं की खुर्ची सरकवत सरकवत फाटकाला टेकायचे, पण उंबरा ओलांडायचे नाहीत.

उन्हाळ्यात मी पायरीवर पत्र्याची शेड घालून घेतली. गाडी नाही, मग शेड कशाला, असं शेजारी विचारतात. तोवर तात्यांचे गुडघे गेले होते आणि कोडोलीहून येणं बंद झालं होतं. फोनवर सांगितलं तर पहिलं विचारलं, "कितीला?"

"सात हजार."

"फसलास. मला इचारायचंस की."

"या मग बघायला."

"येतो की. जरा गुडघा ऐकला म्हंजे येतो," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी फोन माझ्याआधी ठेवला.

सावली चांगली पडते. दोन खुर्च्या सहज मावतात. रविवारी दुपारी मी तिथं बसतो, आणि आतून बायको विचारते की एकटे बाहेर काय करताय.