झाडवाल्या पार्टीचे सुधाकर भाऊजी

सुधाकर भाऊजी शेवटचे भेटले ते आमच्या फाटकापाशी, एका मंगळवारी सकाळी. हातात दुधाची पिशवी होती. आजकाल मोटर किती वेळ चालवावी लागते, असं त्यांनी विचारलं. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजची मिनिटं लिहिते, त्यामुळे आठवावं लागलं नाही. टाकी भरायला मागच्या उन्हाळ्यात पंचेचाळीस मिनिटं लागायची, आता पंच्याऐंशी लागतात, आणि शेवटची दहा मिनिटं पाण्याबरोबर हवा येते, असं मी सांगितलं. "अच्छा," एवढंच म्हणाले. फाटकाच्या कडीवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले... काही बोलायचं असावं. मग दूध तापवायचं आहे म्हणून गेले. त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांच्या मुलीचा, अनुजाचा, फोन आला. ती आठ दिवसांच्या रजेवर इंदूरहून आली होती. "काकू, पप्पा उठ नहीं रहे." मी आणि माझे यजमान तसेच धावलो. भाऊजी कुशीवर निजलेले होते, चष्मा उशीजवळ घडी करून ठेवलेला. पहाटेच केव्हातरी गेले, असं डॉक्टर म्हणाले. वय सहासष्ट. धावपळीत आमची मोटर चालूच राहिली होती. उघड्या खिडकीतून तिची कोरडी घरघर त्या खोलीत ऐकू येत होती, आणि ती बंद करायला हवी हे आमच्यापैकी कोणालाच वीस मिनिटं सुचलं नाही.

ते आमचे नात्यातले नव्हते. दोन घरं सोडून राहायचे. आमचंही कुळ विदर्भातलं, त्यांचंही. जबलपुरात एवढं पुरतं. यजमानांपेक्षा आठ वर्षांनी मोठे, तरी मला पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणत. अठ्ठावीस वर्षं ते रोज बसने जवळच्या पाटणला जाऊन शाळेत विज्ञान शिकवत. बायको लवकर गेली, मुलीला त्यांनीच वाढवलं. बासष्टाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा आता मास्तर तीर्थयात्रा करतील असं गल्लीला वाटलं होतं. ते पुढच्याच महिन्यात एका पार्टीत गेले. पर्यावरणवाद्यांची छोटी पार्टी, जिचं नाव आमच्या इथे कोणी ऐकलं नव्हतं. नाव लक्षात राहीना म्हणून लोक तिला झाडवाली पार्टी म्हणू लागले, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच झाली.

कारण झाडवाली म्हटल्यावर लोकांनी त्यांना झाडांसाठीच बोलवायला सुरुवात केली. कोणाला अंगणात पेरू लावायचा आहे, कोणाच्या तुळशीला कीड लागली आहे. समोरचे तिवारी भैया तर म्हणाले, "मास्टरजी, पेड़ लगाने के लिए पार्टी क्यों, नर्सरी खोल लीजिए." भाऊजी हसले आणि त्यांनी खिशातून पार्टीचं पत्रक काढून दिलं. त्यात झाडांचा मुद्दा पाचवा होता. त्याआधीचे चार माणसांविषयी होते. वस्तीचा निर्णय वस्तीने बसून घ्यावा, ज्याच्याकडे कमी आहे त्याचा वाटा आधी बघावा, बायकांना अर्ध्या जागा, आणि कुठल्याही भांडणात हात उचलायचा नाही. तिवारी भैयांनी पत्रक उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, यात पेड़ कुठे आहे?

आमच्या घरातही त्यांच्याविषयी एकमत नव्हतं. यजमानांच्या मते हे श्रीमंतांचं खूळ होतं, पोट भरलेल्यांना हवा-पाणी सुचतं. त्यावर भाऊजींनी उलट प्रश्न केला. गल्लीच्या मागे तलैया आहे, म्हणजे लहानसं तळं, तिच्या पलीकडे तीस झोपड्या, सगळ्यांत मिळून एक हातपंप. तलैया बुजली तर पाणी आधी कोणाचं जाईल? तुम्ही बोअर खाली न्याल शंभर फूट, ते कुठे जातील? यजमानांना ते पटलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे अठ्ठावीस बायका आल्या होत्या, तिथे तर कहर झाला. एकीने सांगितलं की ही पार्टी आली तर फ्रिज बंद करायला लावणार. दुसरी म्हणाली, रस्ताच होऊ देणार नाहीत, विकासाच्या विरोधात आहेत ते. तिसरीला पक्की खबर होती की यांना परदेशातून पैसे येतात. मी संध्याकाळी हे सगळं भाऊजींना सांगितलं. त्यांनी पाय पुढे करून शिवलेली चप्पल दाखवली. "वहिनी, पैसा येऊन राहिला असता तर ही घातली असती काहून?" मग गंभीर होऊन म्हणाले की रस्ता त्यांनाही हवा आहे, अठ्ठावीस वर्षं पाटणच्या रस्त्यावर त्यांचीच हाडं खिळखिळी झाली. फक्त तो पाण्यावर भराव टाकून नको. आपली पार्टी सोवळी आहे असंही ते कधी म्हणाले नाहीत. अख्ख्या जिल्ह्यात आम्ही सात जण, त्यांत तीन गट, असं स्वतःच सांगून हसायचे.

चार वर्षांपूर्वी ते पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, निवडणुकीला उभे राहिले. चिन्ह मिळालं शिलाई मशीन. झाडवाल्या पार्टीला शिलाई मशीन म्हणून पोरांनी खूप खिल्ली उडवली. भाऊजी घरोघर गेले, पण पाण्याचं नाव काढलं की प्रत्येक दारात एकच उत्तर मिळे, "नर्मदा मैया के रहते पानी की क्या चिंता?" हे उत्तर आम्हा सगळ्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं आहे. एवढी मोठी नदी उशाशी असताना पाणी संपतं असं जबलपुरात कोणाच्या मनातच येत नाही. आमची गल्ली पाइपलाइनच्या अगदी टोकाला आहे, नळ एक दिवसाआड पस्तीस मिनिटं येतो, बाकी सगळा कारभार बोअरवर चालतो, हे आम्ही रोज जगत होतो. तरी नर्मदा म्हटलं की निश्चिंत व्हायचो. मीही.

मतदानाच्या आठवडाभर आधी देवळाच्या ओट्यावर गल्लीची बैठक झाली. दुसऱ्या उमेदवाराचा माणूस आला होता. तलैया भरून तिथे रुंद रस्ता आणि मॅरिज गार्डन करू, असं त्यांचं आश्वासन होतं. भाऊजींना त्या वेळी पलीकडच्या वस्तीत बोलावलं होतं, ते नव्हते. त्या माणसाने सगळ्यांसमोर मला विचारलं, "भाभीजी, पानी का रजिस्टर आपके पास है न? गली में तीन सौ फुट से गहरे बोर कितने?" गल्लीतल्या बोअरची नोंद मीच ठेवायचे, रजिस्टर माझ्याकडेच होतं. एकवीस घरं, चौदा बोअर. मी म्हणाले, "नऊ." तो लोकांकडे वळला आणि म्हणाला, मास्टरजी जिंकले की हे नऊ बंद होणार, आकडा तुमच्याच भाभींनी दिला आहे.

भाऊजींचं पत्रक माझ्या पर्समध्ये होतं. मी ते दोनदा वाचलेलं होतं. बोअर बंद करण्याचा एक शब्द त्यात नव्हता. असलेल्या बोअरची पातळी दर महिन्याला फलकावर लिहावी, नवा घ्यायचा तर वस्तीसकट सगळ्यांना विचारून घ्यावा, आणि ज्याचा बोअर खोल त्याने छताचं पाणी जमिनीत सोडावं, एवढंच होतं. मला उभं राहून पर्स उघडायची होती, बस. पण त्याच आठवड्यात आमचा बोअर दोनशे ऐंशीवरून चारशे वीसवर न्यायचं काम चालू होतं. आम्ही कोणालाही विचारलं नव्हतं. नवव्या ओळीत मी आमचंच नाव लिहिलं होतं... मी बसून राहिले. आकडा बरोबर होता, चुकीचं मी काही बोलले नव्हते, असं घरी येईपर्यंत मनाशी घोकत आले.

आमच्या बूथवर त्यांना अकरा मतं पडली. आमच्या घरात मतं चार आहेत. त्या अकरांत आमचं एकही नव्हतं.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे चहाला आले. हरल्याची खूण चेहऱ्यावर नव्हती. मी कप ठेवला आणि म्हणाले, "भाऊजी, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं." त्यांना सगळं कळलेलं होतं. त्यांनी बिस्किट बुडवलं, खाल्लं, आणि म्हणाले, "आकडा बरोबरच होता वहिनी. अर्धा होता, एवढंच." पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

तलैया दुसऱ्या हिवाळ्यात भरली. एकोणीस दिवस ट्रक येत होते. मलबा पडताना एक विचित्र आवाज व्हायचा, जड वस्तू गादीवर टाकावी तसा, आणि कुबट वास घरात शिरायचा. त्या पावसाळ्यात बेडकांचा आवाज आला नाही. आम्हाला ते बरंच वाटलं, झोप लागायची. पुढच्या जुलैत पहिल्यांदा गल्लीत गुडघाभर पाणी शिरलं, कारण पूर्वी ते जिथे जायचं ती जागाच उरली नव्हती. आणि त्याच्या पुढच्या मार्चमध्ये पलीकडचा हातपंप कोरडा झाला. त्या बायका हंडे घेऊन आमच्या गल्लीत येऊ लागल्या तेव्हा काही घरांनी फाटकांना कुलपं लावली. मग आमचे बोअर एकेक करून थकले. नवांपैकी पाच आता बंद आहेत. ते कोणी बंद केले नाहीत. आपले आपणच झाले.

भाऊजी गेले त्या दिवशी नळाची पाळी नव्हती. आमची मोटर त्या वीस मिनिटांत जळाली होती. देहाला आंघोळ घालायची तर पाणी हवं, आणि कोणाच्याही घरात दोन बादल्यांच्या वर निघेना. टँकरवाला दुपारनंतर येईन म्हणाला. तेव्हा तिवारी भैयांना भाऊजींच्या मागच्या अंगणातली विहीर आठवली. पूर्वी गल्लीत अशा सहा विहिरी होत्या. बोअर आल्यावर सगळ्यांनी त्या बुजवल्या, एकट्या भाऊजींनी ठेवली आणि छताचं सगळं पाणी पाइपाने तिच्यात सोडलं. डास होतात म्हणून आम्हीच तक्रार केली होती. तिवारी भैयांनी स्वतः सात बादल्या शेंदल्या. पाणी गार आणि स्वच्छ होतं. "मास्टरजी अपना पानी खुद रखके गए," असं म्हणून ते तिथेच जगतीवर, विहिरीच्या कठड्यावर, बसले.

तेराव्याच्या आत त्या विहिरीत तीन घरांच्या मोटरा उतरल्या. आज सात आहेत. अनुजाने जाताना मला किल्ली दिली आणि कोणाला नाही म्हणू नका, पप्पांनी कधी म्हटलं नसतं, असं हिंदीत सांगून गेली. पलीकडच्या वस्तीतल्या बायका मात्र अजून दोरानेच शेंदतात, मोटरा थांबल्या की. भाऊजी दर रविवारी सकाळी विहीर मोजायचे. मागच्या दाराशेजारी खुंटीला एक सुतळी टांगलेली आहे, टोकाला लोखंडी नट, दर फुटाला गाठ आणि पाच फुटांना लाल दोरा. सुतळी चाळीस फुटांची. इतक्या वर्षांत पाणी कधी पस्तिसाखाली गेलं नाही, म्हणून त्यांनी तेवढीच ठेवली होती. खाली भिंतीवर खडूने आकडे आहेत, आणि प्रत्येक आकड्यापुढे त्यांच्या मास्तरी अक्षरात कारण. अकरा, पाऊस चांगला. एकोणीस, शेजारी बोअर खोल गेला. सव्वीस, तलैया भरली. बोअरच्या नोंदीपुढे कोणाचा ते लिहिलेलं नाही, पण तारीख आमच्याच कामाची आहे.

ते गेल्यापासून रविवारी मी मोजते. पहिल्या आठवड्यात एकतीस होतं, मग चौतीस, मग अडतीस. मागच्या रविवारी सुतळी हातातून सरत गेली आणि तिचं शेवटचं टोक बोटांत आलं. वर ओढली तर नट कोरडा. मी घरून सुतळीचं बंडल आणलं, दहा फूट मोजून गाठ मारली, पुन्हा सोडली. चव्वेचाळीसला ओली झाली, त्याच्याखाली लगेच गाळ लागला. जगतीभोवती सात-आठ जण पाळीसाठी उभे होते. तिवारी भैयांनी विचारलं, "कितना, भाभी?" मी म्हणाले चव्वेचाळीस. आणि पुढे सांगितलं की खाली हातभर पाणी आहे, सात मोटरा अशाच चालल्या तर ते दहा दिवसही पुरणार नाही, पावसाला महिना आहे, तेव्हा आजच बसून पाळ्या ठरवू, आणि त्यात पलीकडच्या वस्तीला आधी धरू. मग मागून कोणीतरी म्हणालं, "लो, भाभी भी झाड़ वाली पार्टी में आ गईं." लोक हसले. तिवारी भैया हसले नाहीत, पण आपली मोटर सुरू करायला गेलेच.

मी भिंतीवर चव्वेचाळीस लिहिलं, पुढे सात मोटरा असं कारण लिहिलं. बंडलातली उरलेली सुतळी घरी परत आणली नाही. गाळ उपसून विहीर खोल करावी लागली तर, म्हणून तिथेच खुंटीला ठेवून आले. लागेल.