मधे फक्त सडा

डांबर पडलं की वाट मेली, असं सडेकाकांचं स्पष्ट मत होतं. फरीदाबादला आमच्या सेक्टरात पक्का रस्ता झाला तेव्हा लोकांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. हा गृहस्थ मात्र सुतक आल्यासारखा फाटकात उभा. मी म्हटलं, "काका, आता खड्डे नाहीत." ते म्हणाले, "तेच तर."

त्यांचं खरं आडनाव साधंसुधं होतं, पण ते फक्त त्यांच्या कारखान्याला आणि पोस्टमनला माहीत. गाव राजापूरकडचं. तिकडे किनाऱ्यालगतच्या डोंगरांचा माथा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट, उघडं रान असतं. झाड नाही, घर नाही, नुसतं गवत आणि वारा. त्याला सडा म्हणतात. फरीदाबाद आणि गुडगावच्या मधे अरवलीच्या बुटक्या टेकड्या आहेत. त्या पहिल्यांदा पाहिल्यावर काका म्हणाले, "अरे, हा तर आपला सडा!" तिथे गवताच्या जागी कीकरचे, म्हणजे रानबाभळीचे काटे होते आणि वाऱ्याच्या जागी खाणींची धूळ. पण माणूस ऐकेल तर ना. झाले सडेकाका.

तेव्हा बाजार नुकताच खुला झाला होता. सेक्टरात कुणाकडे हप्त्यावरची छोटी गाडी येत होती, कुणाकडे मोठा रंगीत टीव्ही. काकांनी चांगली चालती स्कूटर विकली आणि जाड टायरची, गिअरवाली सायकल आणली. शेजारचे सरदारजी कौतुकाने म्हणाले, "बच्चे के लिए ली है?" काका म्हणाले, "बच्चे तो बड़े हो गए जी. अब मेरी बारी है." काकू आतून ओरडल्या, "हे कधी मोठे होणार ते विचारा!"

माझी भरती डॉक्टरांनी केली, व्यायाम करा म्हणून. तिशी नुकतीच ओलांडली होती आणि शर्टाचं खालचं बटण मी नुसतं शोभेला ठेवलं होतं. काकांनी मला एकदा खालीवर न्याहाळलं आणि म्हणाले, "तुमच्या पोटाला चढ हवा." पुढच्या रविवारी पहाटे मी उसन्या सायकलवर त्यांच्या मागे होतो. पहिल्याच चढाला सायकल माझ्याखालून निघून गेली आणि मी कीकरात बसलो. काटे काढताना सौ. इतकी हसत होती, की तिच्या हाती सुई देणं मला धोक्याचं वाटायला लागलं.

काकांचा एक नियम सायकल खांद्यावर घेण्याचा. रस्ता संपला, दगड आले, की लोक परत फिरतात. काका सायकल उचलत. "इतका वेळ तिने आपल्याला आणलं, आता आपण तिला न्यायचं. यात लाज कसली?" मला लाज नव्हती, श्वास नव्हता.

सगळ्यात मोठी फजिती झाली ती एका भाद्रपदात. एका बंद पडलेल्या खाणीच्या तळातून जवळची वाट जायची. चार दिवस पाऊस पडून गेला होता. मी शंका काढली तर काका म्हणाले, "काय बोलता! दगड पाणी पितो. सकाळी पाऊस पडला तर दुपारी सडा कोरडा." तो हिशेब जांभ्याचा होता. दिल्लीकडचा दगड पाण्याचा थेंब आत घेत नाही. आम्ही खाणीच्या काठावर पोचलो तर खाली निळंशार तळं, आणि त्यात दोन म्हशी आमच्या वाटेवर गळ्याएवढ्या पाण्यात उभ्या. काकांनी सायकल कडेला टेकवली. मग म्हणाले, "गावाला पत्र टाकून कळवायला हवं, इकडचा दगड वेगळा आहे म्हणून." आणि सायकल खांद्यावर घेतली.

आता एवढं मरत-मरत जायचं कुठे, तर गुडगावला, अक्कांकडे. अक्का म्हणजे काकांची मोठी बहीण. यजमान गेल्यावर त्यांच्या मुलाने त्यांना गावाहून उचलून तिथल्या एका नव्या उंच इमारतीत आठव्या मजल्यावर आणून ठेवलं होतं. मुलगा-सून सकाळी नव्या ऑफिसात जात ते दिवे लागल्यावर परत. अक्कांचं हिंदी कच्चं, लिफ्टची भीती, शेजारी कुणाशी बोलणं नाही. महिन्याभरात त्यांनी जाहीर केलं, की गणपतीला गावी जाईन ती परत येणार नाही. गावचं घर बंद होतं, जवळच्या वाडीत माणूस उरलं नव्हतं आणि अक्कांना दम्याचा त्रास होता. तिथे एकट्या राहिल्या तर काय होईल हे काकांना कळत होतं.

बसने गुडगाव म्हणजे दिल्लीतून वळसा, दोन बस आणि अर्धा दिवस. अक्कांच्या मनात ते अंतर मुंबई-राजापूरएवढं होतं. म्हणून काकांनी टेकड्यांमधून वाट काढली. पहिल्यांदा तिथे पोचून, घाम पुसत ते अक्कांना खिडकीशी घेऊन गेले. "ती टेकडी दिसते? तिच्यामागे मी. तू वरच्या वाडीत, मी खालच्या वाडीत. मधे फक्त सडा." अक्का गणपतीला गेल्या आणि परत आल्या.

तेव्हापासून एकाआड एक रविवार. शेवटच्या चढावर काका सवयीने थांबत. त्यांच्या गावी सडा संपतो तिथे खाली समुद्र दिसतो; इथे खाली गुडगाव दिसायचं, सगळं अर्धं बांधलेलं. एकदा तिथेच पाणी पिताना ते मला म्हणाले, "ही वाट चालू आहे ना, तोवर ती इथे आहे. वाट बंद पडली, की दुसऱ्या दिवशी ट्रंक भरेल."

आणि वाट तर दरवर्षी आखडत होती. आज इथे तारेचं कुंपण, उद्या तिथे कुणाचं फार्महाउस, परवा प्लॉटची पाटी. काका दर वेळी नवीन वळसा शोधत.

एका वर्षी काकांना मलेरिया झाला आणि सगळी दिवाळी अंथरुणात गेली. भाऊबीजेला मात्र ते उठले. माझी बहीण नागपूरला, त्यामुळे मी रिकामाच होतो. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे पडले तर उचला. सायकल राहू दे." निघालो. भाऊ येईपर्यंत अक्का तोंडात पाणी घालत नसत, त्यामुळे काका त्या अशक्तपणातही पायडल मारत होते. शेवटचा चढ उतरलो आणि समोर भिंत. डोक्यापेक्षा उंच, ताजी, दोन्हीकडे नजर पोचेल तिथपर्यंत. पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ, अक्कांची इमारत.

चौकीदार खाटेवर बसला होता. म्हणाला, "आगे रास्ता नहीं है."

"पिछले महीने तो था!"

"पिछले महीने दीवार भी नहीं थी, बाबूजी."

काका कधी कुणापुढे गयावया करत नसत. त्या दिवशी केली. "भाईदूज है भैया. बहन भूखी बैठी है."

"मेरी भी बैठी है," तो म्हणाला. "बिहार में, छपरा में. गेट होता तो खोल देता."

भिंतीच्या कडेकडेने आम्ही खाली मोठ्या रस्त्याला लागलो. खडीचे ट्रक अंगावर धूळ उडवत जात होते. पोचलो तेव्हा दुपार कलायला आली होती. अक्का ताट घेऊन तशाच बसलेल्या. पाटाभोवतीची रांगोळी पंख्याने विस्कटली होती. काका पाटावर बसले आणि टिळा लागायच्या आधीच म्हणाले, "अक्का, वाट बंद झाली."

अक्कांनी निरांजन पेटवलं. "माहीत आहे. खिडकीतून बघतेय की. रोज हातभर वर यायची भिंत."

"मग बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू आला नसतास."

"आलो असतो. मला वाटलं, वाट गेली की तू जाशील."

"मी काय वाटेसाठी राहिलेय इथे? गाढवा, मान वर कर."

पन्नाशी उलटलेल्या त्या गाढवाने मान वर केली. मी पंखा बंद करायच्या निमित्ताने उठलो.

नंतर काका मुकाट मोठ्या रस्त्याने जायला लागले. दोन महिन्यांत एका ट्रकने त्यांना खाली पाडलं. मनगट मोडलं. पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे बसलो होतो, तर बेल वाजली. दारात अक्का. एकट्या. हातात डबा, पदर खोचलेला, डोळ्यांत लढाई जिंकल्याचं तेज. दोन बस बदलून, दिल्लीतून वळसा घालून आल्या होत्या. "त्या कंडक्टरला म्हटलं, मेरे भाऊ का हात मोडा है, जागा दो. चांगला मनुष्य होता. उठला." काकांनी चांगल्या हाताने डबा घेतला. अक्का म्हणाल्या, "बघतोस काय? खालच्या वाडीत यायला मला काय पालखी लागते?"

मग ती बस अक्कांचीच झाली. एकाआड एक रविवारी त्या येत, पुढे कितीतरी वर्षं.

काका तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गेले. मी आता द्वारकेला राहतो. पहिल्या भाऊबीजेला जावं की न जावं, या विचारात दुपार घालवली आणि शेवटी टॅक्सी केली. अक्कांनी दार उघडलं, ताट तयार होतं. म्हणाल्या, "ज्याला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं असतं. पण आमच्या खिडकीतून चंद्र दिसत नाही, तो मागच्या अंगाला मावळतो. चल चढ्ढाबाईंकडे." लिफ्टला घाबरणाऱ्या अक्कांनी समोरची बेल दाबली आणि "आरती करनी है चांद की," असं सांगून त्या थेट बाल्कनीत गेल्या. बीजेची चंद्रकोर धुरात जेमतेम दिसत होती. अक्कांनी ओवाळलं. चढ्ढाबाई डोक्यावर ओढणी घेऊन मागे उभ्या होत्या.

घरी येऊन अक्कांनी पाट मांडला आणि मला म्हणाल्या, "बस."

मी गोंधळलो. "अक्का, मी काकांना काका म्हणायचो. म्हणजे तुम्ही माझ्या आत्या. आत्याने भाच्याला..."

"सकाळपासून उपाशी आहे मी," अक्का म्हणाल्या. "चंद्र काय खाली येऊन जेवणार आहे माझ्याबरोबर?"

मी बसलो.