मागच्या सीटवरचा नवरा

ती घटना आजही आठवली की आधी हसू येतं, मग बरं वाटतं. निवृत्ती जवळ आली होती, नेमणूक अंबरनाथच्या पोलीस ठाण्यात. शिवमंदिराच्या रस्त्यावर टेंपो आणि स्कूटरची धडक झाली. स्कूटरवर मोरिवलीचं तरुण जोडपं होतं.

टेंपोवाला ठाण्यात छाती काढून सांगत होता, "साहेब, लेडीज चला रही थी. अजून काय सांगू?" नवऱ्याने इस्पितळातून जबाब दिला, "गाडी मीच चालवत होतो. टेंपो न बघता वळला." दोघांतला एक खोटारडा, असं ठाणे अंमलदाराने ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात फोन आला. नाव न सांगता एक बाई म्हणाली, "चूक टेंपोचीच हाय. पण त्या नवऱ्याचंपण ऐकू नका." आणि तिने फोन ठेवला.

मी इस्पितळात गेलो. नवऱ्याच्या डोक्याला टाके, मनगटाला प्लास्टर. बायकोचं फक्त कोपर खरचटलेलं. पाणी कुठे मुरतंय ते मला कळलं. नोकरीभर मी याच्या उलट पाहत आलो होतो. घरात हेल्मेट एकच, ते पुढे बसणाऱ्या नवऱ्याचं. बायको मागे, साडी सावरत, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, उघड्या डोक्याने. गाडी पडली की नवरा कपडे झटकत उठतो आणि बायको स्ट्रेचरवर जाते. वर लोक म्हणतात, बायकांची हाडं नाजूक. हाडं कसली नाजूक डोंबलाची, बसायची जागाच वाईट.

नवऱ्याला एकट्याला गाठलं. "हेल्मेट कोणाच्या डोक्यात होतं?"

तो छताकडे बघू लागला.

"चालवणाऱ्याचं डोकं फुटलं आणि मागची हेल्मेट घालून बसली होती? तुमच्याकडे उलटी पद्धत आहे का?"

तो हसला, मग त्याने डोळे पुसले. "आईला कळलं तर गाडी विकायला लावेल, साहेब. गाडी आहे म्हणून ही कंपनीत वेळेवर पोचते. नाहीतर नोकरी जाईल हिची."

"आणि तुमचा जबाब कोर्टात खोटा पडला की टेंपोवाला सुटेल. मग सगळे म्हणतील, बाईचीच चूक."

बायको दारात ऐकत होती. ती आत आली. "लिहा साहेब. गाडी मीच चालवत होते, लायसन आहे माझ्याकडे. मी ब्रेक मारला म्हणून दोघं वाचलो."

पंचनाम्यातली ब्रेकची खूण तिच्या जबाबाशी तंतोतंत जुळली. फोन करणारी देवळाजवळची फुलवाली निघाली; धडक तिच्या डोळ्यांसमोरच झाली होती. बायकोने स्वतःच खरं सांगितल्याचं कळताच तीही जबाब द्यायला आली. मग टेंपोवाल्याचा आवाज खाली आला. इंडिकेटर न देताच वळलो, असं त्याने कबूल केलं. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला.

राहिली सासू. तिला घरी जाऊन मीच सांगितलं, "मावशी, सुनेने तुमचा मुलगा वाचवला."

म्हातारी सुनेला म्हणाली, "त्याला हेल्मेट का नाय दिलंस?"

"एकच होतं, आई."

"मग अजून एक आण. आणि मलापण देवळात सोडत जा."

"मावशी, एका बाजूला पाय सोडून बसू नका," मी म्हटलं.

"काष्ट्याचं लुगडं हाय माझं. दोन्हीकडं पाय टाकून बसन."

अपघातात कोणाला किती लागलं, हे विचारण्याआधी कोणाला कुठे बसवलं होतं ते विचारावं, एवढं मी या केसमधून शिकलो.

पुढे एकदा सकाळी दोघी रस्त्यात दिसल्या. सून पुढे, म्हातारी मागे, दोघींच्या डोक्यावर हेल्मेट. मला इतका आनंद झाला की मी हात दाखवून गाडी थांबवली.

म्हातारी मागूनच म्हणाली, "सायेब, सोडा आता. हिला कंपनीत उशीर होईल."