धडफळे सरांचे सोमवार

श्रीनिवास धडफळे गेले त्या गुरुवारी सकाळी ते एका माणसाला फोन लावणार होते आणि श्यामलाबाईंनी तो लावू दिला नाही. "आधी जेवून घ्या. तो माणूस काही पळून जात नाही," असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. सर जेवले, जरा आडवे झाले आणि उठलेच नाहीत.

सर नेमकं करायचे काय, हे कसबा पेठेतल्या त्यांच्या इमारतीत कुणालाही धड सांगता आलं नसतं. शेतकी कॉलेजातून निवृत्त झाल्यावर ते मातीच्या अभ्यासाला वाहिलेल्या एका त्रैमासिकाचे सहयोगी संपादक झाले होते. नाव भारदस्त, काम हमालीचं. कुणाचा शोधनिबंध आला की तो आधी स्वतः वाचायचा, त्या विषयातले दोन जाणकार शोधायचे, निबंध तपासून द्या म्हणून त्यांच्या विनवण्या करायच्या, अभिप्राय येईपर्यंत ताटकळायचं आणि आले की दोन्ही तोलून मुख्य संपादकांना कळवायचं, छापा किंवा छापू नका. छापला तर नाव लेखकाचं, नाही छापला तर शिव्या सरांना. मोबदला म्हणाल तर दिवाळीला एक शुभेच्छापत्र.

"फुकटची हमाली," श्यामलाबाई म्हणत.

"हमालाला निदान ओझं खाली ठेवता येतं," सर म्हणत.

जाणकार माणसं नेहमी फार कामात असतात. त्यावर सरांनी एक तोडगा काढून ठेवला होता. ज्याचा अभिप्राय राहिला असेल त्याला दर सोमवारी सकाळी दहा वाजता त्रैमासिकाच्या वेबसाइटवरून आपोआप पत्र जायचं. 'आपल्या अभिप्रायाची वाट पाहत आहे. आपला, श्रीनिवास धडफळे.' त्याची एक प्रत सरांच्या फोनवर यायची आणि फोन देवघरातल्या घंटेसारखा किणकिणायचा. बाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "लागली बघा तुमची घंटा." सर गालातल्या गालात हसायचे.

सरांकडचे बाकी सगळे निबंध मार्गी लागले होते, घोडं अडलं होतं एकट्या उत्कर्षाच्या निबंधाचं. ही यवतमाळकडची मुलगी पुण्याजवळच्या मांजरी गावात खोली घेऊन राहायची. तिथल्या उसाच्या जमिनी जास्त पाणी पाजून पाजून क्षारपड कशा होतात, यावर तिने उन्हातान्हात हिंडून काम केलं होतं. महिनाअखेर तिची कॉलेजातल्या नोकरीची मुलाखत होती आणि निबंध स्वीकारल्याचं पत्र त्याआधी हातात हवं होतं. एक अभिप्राय चांगला आला होता. दुसरा द्यायचा होता डॉ. सुदर्शन हसबनीसांनी. ते हो म्हणून सहा-सात महिने गप्प होते. नाही म्हणणारा परवडला, असं सर वैतागून म्हणाले होते. गुरुवारचा तो फोन हसबनीसांनाच जायचा होता.

शनिवारी उत्कर्षाचा फोन आला. "काकू, सर आहेत का?" बाईंनी सांगितलं. पोरगी हमसून हमसून रडली. निबंधाचं नावही तिने काढलं नाही आणि तेच बाईंना लागलं. तिने विचारलं असतं तर तिच्यावर चिडता तरी आलं असतं.

सोमवारी दहा वाजता फोन किणकिणला. श्यामलाबाईंच्या हातातलं फुलपात्र खाली पडलं. पत्रावर सरांची सही होती. माणूस गेल्याचं मुख्य संपादकांना कळवलं होतं, नवा सहयोगी संपादकही नेमला होता. पण वेबसाइटला ते कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी मुख्य संपादकांना फोन लावायला घेतला आणि लावला नाही. फोन मात्र रोज चार्जिंगला लावू लागल्या. पुढच्या सोमवारी त्या दहाच्या आधीच चहाचा कप घेऊन टेबलापाशी बसल्या. घंटा वाजली. "लागली बघा तुमची घंटा," त्या रिकाम्या खोलीत म्हणाल्या आणि त्यांना बरं वाटलं.

मंगळवारी डॉ. हसबनीस भेटायला आले. सर किती सज्जन, किती ऋषितुल्य, सगळं बोलून झालं. मग खुर्चीच्या कडेला सरकून ते हळूच म्हणाले, "वहिनी, एक विचारू का? धडफळ्यांचं पत्र आलं मला. काल. त्याच्या आधीच्या सोमवारीही आलं होतं."

"वाट पाहत आहे, असंच ना?"

"हो. जरा... कसंतरीच होतं हो. ते बंद करायला सांगता येईल का कुणाला?"

अभिप्राय आला की पत्र आपोआप बंद होतं, हे श्यामलाबाईंना पक्कं ठाऊक होतं. हा माणूस आळशी होता. त्या काही बोलल्या नसत्या तर त्याने आणखी कित्येक सोमवार असेच काढले असते, आणि तेवढे सोमवार त्यांना मिळाले असते. हाव सुटली त्यांना. मग शनिवारचं ते रडणं आठवलं.

"कुणाला कशाला सांगायचं?" त्या म्हणाल्या. "पत्र आलंय, तर उत्तर द्या की."

हसबनीसांनी चहा अर्धा टाकला आणि ते निघाले.

पुढच्या सोमवारी सकाळी उत्कर्षाचा फोन आला. निबंधाचे दोन्ही अभिप्राय आल्याचं वेबसाइटवर दिसत होतं. दुसऱ्या परीक्षकाने तर भरभरून लिहिलंय, चारच दिवसांत निर्णय देतो, असं नव्या संपादकांनी तिला कळवलं होतं. "काकू, सरांनीच जाता जाता कुणाला तरी सांगून ठेवलं असणार ना?"

परीक्षकाचं नाव लेखकाला सांगायचं नसतं, एवढं बाईंना इतक्या वर्षांत ऐकून ऐकून माहीत होतं. "त्यांनीच," त्या म्हणाल्या. "मुलाखतीला नीट जा हं, बाळ."

मग त्या चहा घेऊन टेबलापाशी बसल्या. दहा वाजले. दहा वाजून गेले. आवाज कमी झालाय का म्हणून त्यांनी फोन उचलून पाहिला. आवाज पुरता होता, चार्जिंगही पूर्ण होतं. आता जगात कुणालाही धडफळे सरांचं पत्र जाणार नव्हतं. सर गेल्यापासून भेटायला आलेल्या सगळ्यांना धीर देणाऱ्या श्यामलाबाई तो फोन पदरात घेऊन पहिल्यांदा रडल्या.