हळदीचं फडकं
परवा विळ्यानं बोट कापलं, घरी सुनेनं हळद दाबली, आणि त्या वासासरशी मला शाळेतली ती बैठक आठवली. नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं आणि आमचं पांढुर्णा मध्यप्रदेशातच राहिलं, त्या सालची गोष्ट. नदी घाण होत चालली होती आणि भोपाळ पडलं दूर. म्हणून नगरपालिकेला सल्ला द्यायला दोन्ही काठांच्या लोकांची समिती करू, असं मी, नवाकोरा मास्तर, बोलून बसलो. बैठकीचा दिवस मात्र निवडला पोळ्यानंतरच्या आठवड्यातला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची गोटमार. नदीत रोवलेल्या पळसाच्या झाडासाठी पांढुर्णा आणि पलीकडचं सावरगाव एकमेकांना गोटे मारतात. डोकी अजून बांधलेलीच होती. "काहून बोलावलं मास्तर त्याह्यले? पुन्हा भांडण होईन," हेडमास्तर सारखे म्हणत होते. इतक्यात सावरगावचा एक म्हातारा शेतकरी दारात येऊन उभा राहिला. डोक्याला हळदीचं फडकं. आमच्याकडचे दोघं-तिघं ताडकन उठले. त्यानं सावकाश फडकं सोडून जखम दाखवली. "दरसाल नदीतच धुतो जी, भरून येते. यंदा चिघळून राहिली. गोटा तोच हाये, पानी बदललं." मग उठलेल्यांपैकीच एकानं त्याला सतरंजीवर जागा करून दिली, आणि समिती झाली. ती कधी मोडली, आठवत नाही. परवा बोट कापलं तेव्हा नदी शेजारीच होती. धुवायला वाकलो, आणि हात मागे घेऊन तसाच, रक्त गळत, घरी आलो.