वसंताच्या वाटणीची ढाल

“होल्ड! होल्ड द लाइन!” आमचा वेल्श सरदार — एरवी दातांचा डॉक्टर — बेंबीच्या देठापासून ओरडत होता, आणि समोरून सॅक्सन धावत येत होते. त्यातला कुऱ्हाडवाला सात फुटी. बरं, सव्वासहा. दर वर्षी मी त्याला थोडा वाढवतो.

लंडनला — आपल्या ओंटारिओतल्या — पार्कात उन्हाळ्यातल्या शनिवारी आम्ही ही तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीची लढाई खेळतो. मी आणि वसंता, दोघे रिटायर्ड इंजिनिअर, वेल्श बाजूला. का? हरणाऱ्यांकडे माणसं कमी पडतात म्हणून! इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक पॉटलकला — घरोघरचे डबे आणून जेवायचं ते — मी हा किस्सा सांगतो. हसता हसता लोकांच्या पेपर प्लेटा वाकतात. पण आज तुम्हाला सांगतोय ते — आमच्या हिच्याजवळसुद्धा कधी बोललो नाही.

ढालींच्या भिंतीचा नियम एकच. आपली ढाल अर्धी आपली, अर्धी डावीकडच्याची. माझ्या डावीकडे वसंता होता.

कुऱ्हाडवाला आला. कुऱ्हाड लाकडी, वर रबर — कुणी मरत नाही हो त्यानं! ठाऊक होतं मला. तरी मी — काय सांगू — ढाल छातीशी ओढली. सगळीच्या सगळी. वीतभर फट पडली, आणि दांडा वसंताच्या उजव्या मनगटावर बसला.

उजव्या. तबल्याच्या.

किस्सा मी असा रंगवतो: वसंता समोरच्या सॅक्सन बाईकडे बघत राहिला आणि त्याचा हात खाली आला. सगळे हसतात. वसंताही हसतो. आताशा तोच सांगतो — “माझंच लक्ष नव्हतं, वय झालं.” गणपतीत तो आता नुसता टाळ धरतो. गाडी चालवणंही सोडलंय. स्वतःचा भरवसा वाटत नाही म्हणे. मीच नेतो-आणतो. सिग्नलला थांबलो की दर वेळी शब्द ओठांशी येतात — आणि हिरवा लागतो. आता सांगून मनगट जुळणार आहे का? आणि न सांगून?

त्या दुपारी इमर्जन्सीत चार तास बसलो होतो, दोघंही लोकरीच्या अंगरख्यांत, त्याचा हात बर्फाच्या पिशवीखाली. त्यानं एकदाच विचारलं, “दिल्या, तुझी ढाल होती ना रे माझ्यावर?”

“होती,” मी म्हणालो.